स्पेन की लक्झर? निकाल आचऱ्याला लागला

खग्रास सूर्यग्रहण बघायला स्पेनला जायचं की इजिप्तला, हा वाद आमच्या ग्रुपमध्ये लॉकडाऊनपासून चालू आहे आणि तो २०२२ च्या दिवाळीत मालवणच्या वर आचऱ्याच्या किनाऱ्यावर मिटला. मिटला म्हणजे माझ्यापुरता मिटला, परागचं अजून तेच चालू आहे.

मामला असा आहे. १२ ऑगस्ट २०२६ ला एक खग्रास आहे, सावली ग्रीनलंड, आइसलंड करत संध्याकाळी स्पेनवर येते. पण तिथे येईपर्यंत सूर्य मावळतीला टेकलेला आणि काळोख दोन मिनिटांचाही नाही. मग वर्षाच्या आतच, २ ऑगस्ट २०२७ ला दुसरं. ते मोरोक्को, ट्युनिशिया, इजिप्त, मक्का असं जातं आणि इजिप्तमधल्या लक्झर शहराच्या आसपास सहा मिनिटं वीस सेकंदांच्या घरात काळोख, भर दुपारी, सूर्य जवळजवळ डोक्यावर. ढग? ऑगस्टात लक्झरला ढग शोधून सापडत नाही. पण ऊन चाळीसच्या वर. म्हणजे एकीकडे स्पेन, गार वारा, चांगलं खाणंपिणं आणि आभाळाचा भरवसा नाही, दुसरीकडे आभाळाची खात्री आणि आपला पापड. (२०२७ चं खंडग्रास आपल्याकडूनही आहे म्हणे. आषाढ अमावास्येला, कोकणात, सूर्य. चालू द्या.)

पराग २००९ ला सुरतेला गेला होता. २२ जुलै, ह्या शतकातलं सगळ्यात लांब खग्रास, आणि हा भर पावसाळ्यात छत्री घेऊन नदीकाठी उभा. ढगांच्या आड काळोख आला, ढगांच्या आड गेला, संपलं. खरी गंमत म्हणजे २०२७ चं ग्रहण त्याच कुटुंबातलं आहे, अठरा वर्षं अकरा दिवस आणि वर आठ तास झाले की तसंच ग्रहण परत येतं, त्याला सारोस म्हणतात, फक्त त्या आठ तासांमुळे पृथ्वी तेवढी फिरलेली असते आणि सावली भलतीकडेच पडते. सुरतेचं असं इजिप्तला गेलंय. मी परागला म्हटलं अरे मग तेच ग्रहण तुझं देणं लागतंय, जा आणि वसूल कर. तर नाही, ह्याला स्पेन पाहिजे.

तर २५ ऑक्टोबर २०२२. लक्ष्मीपूजन झालं आणि पाडवा दुसऱ्या दिवशीवर गेला, मधला दिवस ग्रहणाचा. खग्रास जगात कुठेच नव्हतं, मुंबईत साधारण पाव सूर्य झाकणार, खाली कोकणात त्याहून कमी. पण सूर्य ग्रहणासकट मावळणार होता. परागच्या डोक्यात आलं की स्पेनचीच रंगीत तालीम आहे ही, खाली आलेला सूर्य, समुद्राचं क्षितिज, ढगांचा जुगार, चला कोकणात. दिवाळीत. मी आणि वर्षा कोकण रेल्वेने कणकवलीपर्यंत (तिकीट कसं मिळालं ते विचारू नका), पराग आणि माझा नवरा गाडी घेऊन. ते पहाटे निघाले आणि रात्री जेवायला पोचले, त्या रस्त्याबद्दल लिहायला लागले तर ग्रहण राहून जाईल.

ज्यांच्याकडे उतरलो होतो ते घर वाडीत, माडांच्या आत, स्वच्छ, पंख्याचा आवाज सोडला तर तक्रार नाही. तक्रार सकाळी सुरू झाली. चहाच्या आशेने ओटीवर येऊन बसलो तर आजी म्हणाल्या, "आज काय गावाचा नाय हां, वेध लागले." सूर्यग्रहणाचे वेध बारा तास आधी, म्हणजे पहाटेपासूनच. दुधाच्या पातेल्यात तुळशीचं पान, पिण्याच्या हंड्यात तुळशीचं पान, लोणच्याच्या बरणीवरसुद्धा एक पान ठेवलेलं. मला ग्रहणाबद्दल काहीही भीती नाही पण दुसऱ्याच्या घरात आजीसमोर वाद घालायची हिंमतही नाही. आपण पैसे देऊन राहतोय वगैरे शहरी विचार मनात आला, खोटं कशाला बोलू, पण तोंडातून बाहेर पडला नाही. मग दहाच्या सुमारास सूनबाई आमच्या खोलीत एक डबा ठेवून गेल्या, चकल्या, करंज्या, चिवडा. म्हणाल्या, "मी काय बघूक नाय." आणि दार ओढून घेतलं. हॉटेलात असं कोण करतं सांगा.

दुपारनंतर आम्ही किनाऱ्यावर. परतीचा पाऊस दिवाळीच्या तोंडावर कुठे संपला होता आणि आभाळ अजून मनासारखं मोकळं झालेलं नव्हतं. पश्चिमेला काळा नाही पण दुधाळ, जाड पट्टा. परागच्या फोनवर तीन ॲप आणि तिन्हींचं म्हणणं वेगळं. तो दर पाच मिनिटांनी सॅटेलाइटचं चित्र उघडून बोटाने मोठं करून आम्हाला दाखवणार, हे बघ देवगडकडे भोक आहे, हे इकडे सरकतंय, नाही, हे तिकडे सरकतंय. घरमालकांचे वडील, आबा, उलट्या घातलेल्या होडीवर बसून हे सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "बसा गप. वारो पडलो काय ढग फुटतलो."

पण ज्याच्याकडे गाडी आहे तो गप बसत नाही. पाच वाजायला आले, ग्रहण लागायची वेळ झाली आणि सूर्याचा पत्ता नाही म्हटल्यावर पराग उठला आणि माझ्या नवऱ्याला घेऊन उत्तरेकडे सुटला. ढग आला की जागा बदलायची, सगळे ग्रहणवेडे हेच करतात म्हणे. मी आणि वर्षा राहिलो. मला ढगांच्या मागे पळण्यात पॉइंट दिसत नाही, शिवाय पोटात फक्त चिवडा होता.

समोर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणं चालू होतं. दोन दोर, प्रत्येकावर वीस-पंचवीस माणसं, कंबर मागे टाकून पाय वाळूत रुतवत एकेक पाऊल मागे. शेवटचा माणूस दोराचं वेटोळं घालून पुढे पाण्याजवळ जाऊन परत दोर धरणार. मी एकाला विचारलं आज ग्रहणाचं बंद नाही का, तर म्हणाला, "गिराण बघून मासो थांबता काय?" हेही त्याच गावात आणि ओटीवरच्या आजीही त्याच गावात.

आणि मग साडेपाचच्या आत-बाहेर कधीतरी पट्ट्याला चीर पडली. सूर्य आला, चष्मा लावला, आणि उजव्या बाजूला खाली खरोखर कुरतडलेला! फोटोत हजारदा बघितलेलं असतं तरी ओरडायला होतं, आम्ही दोघी ओरडलो. वर्षाने आपला चष्मा जवळच्या दोरावरच्या माणसाच्या डोळ्यांना लावला, त्याने दोर न सोडता मान वर केली, बघितलं, म्हणाला, "खराच गो. चतकोर भाकरी खाल्ली कोणी." आणि परत ओढायला लागला. बाकी काहीच बदललं नाही. उजेड तोच, समुद्र तोच, कावळे आपले बांगड्यांवर डोळा ठेवून. चष्मा नसता तर त्या अख्ख्या किनाऱ्याला कळलंही नसतं.

आबांनी चष्मा लावून बघितलं आणि लगेच परत दिला. "ह्या काय गिराण नाय," म्हणाले. आणि सुरू झाले. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. तेव्हा ते बावीस-तेवीसचे, मुंबईत टीव्हीवर सिनेमा लावलेला लोकांनी घरात बसावं म्हणून, आणि हे दोन दोस्तांबरोबर एसटीने कारवारला निघाले, कारण पेपरात आलेलं की सावली कारवार-अंकोल्याला जमिनीवर चढणार. झुआरीला पूल नव्हता, फेरीबोट. घरी सांगितलं लग्नाला जातो. काजळी धरलेली काच जवळ होती (तुम्ही असलं काही करू नका, डोळे जातील). पावणेचारच्या जरा आधी काळोख झाला. मी विचारलं कसं होतं. ते बराच वेळ नेमकं सांगेचनात. किनाऱ्यावरची माणसं कशी ओरडायला लागली ते सांगितलं, शुक्र कुठे दिसला ते हाताने दाखवलं, एक दोस्त घाबरून पळाला आणि त्याची चप्पल शेवटपर्यंत मिळाली नाही ते सांगितलं. मग म्हणाले, "सूर्याच्या जागेर काळो गोल, आणि भोवती पांढरो उजेड. अडीच-पावणेतीन मिन्टा. माका वाटला आता ह्या असाच रवतला." आणि मग माझ्याकडे वळून, "तेव्हा सूर्य वर होतो, म्हणान गावलो. ह्यो बघ आता."

बघितलं तर सूर्य खालच्या पट्ट्यात शिरत होता. समुद्राला टेकायच्या कितीतरी आधी. आधी लाल, मग नुसता डाग, मग तोही नाही. ज्या फोटोसाठी एवढा अट्टाहास केला, कुरतडलेला सूर्य पाण्यात बुडताना, तो फोटो मिळालाच नाही. आभाळ वर स्वच्छ होतं! डोक्यावर एक ढग नाही. सगळी घाण क्षितिजावर. सूर्य खाली असला की आपण अख्ख्या वातावरणाच्या जाडीतून बघतो, सगळी वाफ, धूळ, लांबलांबचे ढग एकावर एक येतात. स्पेनला हेच होणार, पूर्वेकडे सरकाल तसा सूर्य आणखी खाली. माझा निर्णय तिथेच, वाळूत उभ्या उभ्या झाला.

पराग साडेसातला आला आणि त्याचा चेहरा बघूनच कळलं की त्याला दिसलंय. एका सड्यावर गाडी लावली, सगळीकडे जांभा आणि वाळलेलं गवत, झाड नाही काही नाही, आणि त्याला आमच्यापेक्षा जास्त वेळ दिसलं. फोटोही चांगले आहेत, मान्य. आता त्याचं म्हणणं, बघ, गाडी असली की ढगांची भीती नाही, स्पेनला गाडी भाड्याने घेऊ. अरे बाबा, स्पेनला त्या संध्याकाळी प्रत्येकाकडे गाडी असणार आहे आणि प्रत्येकाच्या फोनवर तेच भोक दिसणार आहे. सगळे एकाच रस्त्यावर. मग बस गाडीत खग्रास बघत.

रात्री जेवणावरून घरात वेगळाच वाद. आजींचं म्हणणं सुटलेलं ग्रहण दिसलंच नाही, सूर्य तसाच बुडाला, म्हणजे उद्या सकाळी शुद्ध बिंब बघूनच जेवायचं. सूनबाई म्हणाल्या टीव्हीवरचे गुरुजी सूर्यास्ताला सुटलं म्हणतायत. आबांनी आंघोळ केली आणि सरळ पाटावर येऊन बसले, निकाल लागला. बांगड्याचं तिखलं आणि भात, मी किती खाल्लं ते लिहीत नाही. आजी जेवल्या नाहीत, पण आम्हाला वाढलं त्यांनीच.

जेवताना परागने फोनवर हिशोब करून आबांना सांगितलं की तुमचं कारवारचं ग्रहण परत येतंय. तीन सारोस झाले की ते आठ-आठ तास मिळून पुरता दिवस होतो, त्यामुळे चोपन्न वर्षं आणि महिनाभराने सावली पुन्हा आपल्याच बाजूला. २० मार्च २०३४, पाडव्याच्या आदल्या दिवशी, लडाखवरून. आबांनी भात कालवता कालवता विचारलं, "मार्चात थंय थंडी किती असता?" पराग म्हणाला बर्फ असतो. "मगे आजयेक घेऊन जा," म्हणाले, "ती उपाशी रवता, तिका काय होवचा नाय."

सध्याची परिस्थिती: पराग स्पेनच्या खोल्या बघतोय, माझा नवरा म्हणतो दोन्ही करू (कुणाच्या पैशाने?), मी आणि वर्षा लक्झरवर ठाम. २०२७ ला गणपती ४ सप्टेंबरला आहेत, म्हणजे रजा ऑगस्टमध्ये संपवली तर गणपतीत ऑफिसात तोंड वेंगाडावं लागणार, ते बघू. ऑगस्टात इजिप्तला कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा की दुपारी एकला उघड्यावर तास-दीड तास उभं राहता येतं का, की छत्री लागते. छत्री धरली तर सूर्य कसा दिसणार, असं वर्षाचं म्हणणं आहे, आणि त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.