नोंदवहीत सापडलेले पूर्वग्रह

'सांस्कृतिक जाण' या विषयावरच्या प्रशिक्षणाला मी तपासायच्या वह्या घेऊनच गेले होते. सगळी मुलं समान, भेदभाव करू नका, विविधतेचा आदर करा. यात न पटण्यासारखं काही नव्हतं, आणि म्हणूनच हाती काही लागत नव्हतं. 'तुम्ही भेदभाव करता का?' असं शिक्षकाला विचारलं तर उत्तर काय येणार हे ठरलेलंच आहे.

मग प्रशिक्षण देणाऱ्या साधनव्यक्तींनी एक काम दिलं: जोडीने एकमेकींच्या तासाला बसा, मत देऊ नका, फक्त नोंदी करा.

त्याआधी मी संगणकावरची ती प्रसिद्ध चाचणीही देऊन पाहिली. १९९८ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली. शब्द आणि चेहरे यांच्या जोड्या आपण किती झटपट लावतो त्यावरून सुप्त कल शोधणारी. निकाल पाहून मी खट्टू झाले, काही दिवसांनी पुन्हा दिली तर निकाल बराच वेगळा. एकाच माणसाचे निकाल असे खालीवर होतात, ही या चाचणीवरची जुनीच टीका आहे. त्यामुळे तिच्याकडे रक्ततपासणीचा अहवाल म्हणून बघू नये असं माझं मत. आणि कल कळला तरी उद्या वर्गात करायचं काय, हे ती सांगत नाहीच.

नोंदवहीने ते सांगितलं. माझ्या तासाला बसलेल्या मॅडम माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान. त्यांनी बैठकव्यवस्थेचा नकाशा काढला आणि प्रत्येक चौकोनात प्रश्न कुणाला, कसा, उत्तर आल्यावर मी काय म्हटलं, अशा खुणा केल्या. प्रश्नांची वाटणी तशी बरी निघाली. मी मनात खूश. तेवढ्यात त्या चाचरत म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? तुम्ही काही मुलांना 'सांग' म्हणता आणि काहींना 'येतंय का?' म्हणता."

मी नकाशा पुन्हा पाहिला. 'येतंय का?' बहुतेक त्यांच्याच वाट्याला, ज्यांची घरची बोली पुस्तकातल्या भाषेपेक्षा लांबची. आणि 'का?', 'कशावरून?' हे प्रश्न दुसऱ्यांकडे. 'येतंय का?'वाल्या मुलांना मी 'कोणतं?', 'किती?' एवढंच विचारत होते. माझ्या लेखी ते सांभाळून घेणं होतं. मुलाच्या कानावर मात्र रोज हेच पडतं, की बाईंना माझ्याकडून फारशी अपेक्षा नाही.

अपेक्षेचं हे प्रकरण जुनं आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेंथाल आणि मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना सांगितलं, की चाचणीनुसार ही ही मुलं यंदा झपाट्याने पुढे जाणार. प्रत्यक्षात ती सुमारे २० टक्के मुलं कुठलाही निकष न लावता निवडलेली होती. १९६८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पहिली-दुसरीतल्या अशा मुलांचे बुद्ध्यंक इतरांपेक्षा जास्त वाढले. पुढे या प्रयोगाच्या पद्धतीवर बरीच टीका झाली आणि नंतरच्या अभ्यासांत परिणाम लहान दिसला. लहान का होईना, दिसला. आणि आपल्या हातून तो रोज, वर्षभर, नकळत होत असतो.

दुसरी गोष्ट घड्याळाची. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलतात. शिवाय ज्यांना आपण हुशार समजतो त्यांच्यासाठी आपण जास्त थांबतो. मी तासाचं ध्वनिमुद्रण करून ऐकलं. आपलाच आवाज ऐकणं ही शिक्षा असते, त्यातून आपली घाई ऐकणं म्हणजे विचारूच नका. एका मुलाने 'ते...' एवढंच म्हटलंय आणि मी पुढच्याचं नाव घेतलंय. आता प्रश्न विचारला की मनात तीनपर्यंत मोजते. सुरुवातीला ती शांतता फार जड जाते.

पेपर तपासण्याचा भाग लवकर उरकला, कारण उपाय सोपा आहे. रेमा हॅना आणि ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञांचा भारतातला प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. उत्तरपत्रिकांच्या पहिल्या पानावर मुलाची जात, लिंग, वय ही माहिती चिठ्ठी टाकल्यासारखी बदलून लावली होती. खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीची नोंद असलेल्या पेपरांना थोडे कमी गुण पडले. विशेष म्हणजे हा फरक प्रामुख्याने त्याच जातींतल्या परीक्षकांच्या तपासणीत दिसला. 'मी स्वतः यातून गेलेय, मी कशाला भेदभाव करीन?' हा बचाव तिथेच संपतो. आम्ही नावाचा कोपरा दुमडतो, गुणदानाचे निकष आधी लिहून ठेवतो आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न संपवूनच दुसऱ्याला हात लावतो. आपल्या मुलांचं अक्षर ओळखू येतं, त्यामुळे ज्या पेपरांबद्दल शंका येते ते दुसऱ्या मॅडमकडे देतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो घरभेटींत, आणि त्याबद्दल मला सांगण्यासारखंही जास्त आहे. अमेरिकेत टुसॉन इथे शिक्षण-संशोधक लुईस मोल आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांकडे पाठवलं होतं. त्यावरचा लेख १९९२चा. अट एकच: तक्रार घेऊन नाही, शिकायला जायचं. या घरांतून शेती, बांधकाम, औषधोपचार अशा कितीतरी गोष्टींचं ज्ञान असतं, हे शिक्षकांनी पाहिलं आणि त्यातून धडे बांधले. आम्ही तीच अट घेतली. प्रगतिपुस्तक शाळेतच ठेवायचं.

एका मुलीबद्दल शाळेत सगळ्यांचं एकमत होतं: भाषा कच्ची, वर्गात बोलत नाही. मी गेले तेव्हा ती आजीला एका कार्यालयातून आलेलं पत्र समजावून देत होती. पत्र एका भाषेत, आजी दुसऱ्या. एका वाक्यापाशी ती अडली, मागचं वाक्य पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "त्यांना पैसे नकोयत आजी, कागद हवाय. आणि तो तू मागेच दिलायस." मग माझ्याकडे वळून, "बाई, तसं लिहून दिलं तर चालेल ना?" दोन भाषा, सरकारी वाक्यरचना, त्यामागचा हेतू, वर उत्तराचा मसुदा! आकलनाच्या पेपरात आम्ही याहून वेगळं काय तपासतो?

पुढच्या घटकात मी अर्ज-पत्रांचा पाठ आधी घेतला आणि गटात प्रत्येकाने आपल्या घरच्या भाषेत अर्थ सांगायचा असं ठरवलं. ती बोलली. फार नाही, पण नेमकं.

याच भेटींमुळे पालकसभेची वेळही बदलली. 'अमुक पालकांना काळजीच नाही' हे वाक्य आमच्या शिक्षककक्षात नेहमीचं. सभा कामाच्या वेळेत ठेवायची आणि न येणाऱ्यांना बेफिकीर म्हणायचं, हे गणित आम्ही कधी तपासलंच नव्हतं. वेळ बदलल्यावर सगळे आले असं नाही. पण न येणाऱ्यांची यादी पूर्वीची राहिली नाही.

सगळं जमलं असं नाही. मुलं आपापले गट करतात तेव्हा वाटणी जुन्याच रेषांवर होते. मी गट पाडून दिले तर काम होतं, पण डबा खाताना पुन्हा तेच. यात किती हात घालावा याबद्दल माझं आणि त्या मॅडमचं अजून पटलेलं नाही. त्यांना वाटतं बसायच्या जागा दर आठवड्याला बदलाव्यात. मला वाटतं, नव्याने आलेल्या मुलाला सुरुवातीला आपली भाषा बोलणारा एखादा सोबती शेजारी लागतोच. पुढच्या सत्रात त्यांच्या वर्गात त्यांची पद्धत, माझ्या वर्गात माझी, आणि नोंदी दोघींनी एकमेकींच्या करायच्या, असं ठरलंय.