टाटांच्या खपलेल्या गाड्या, १:२४ : इंडिका लांबीपर्यंत पोचली

घरी टाटांच्या गाड्यांची छोटी मॉडेलं करणं चालू आहे, आणि नियम तोच आहे. प्रमाण १:२४, म्हणजे खऱ्या गाडीचा चोविसावा भाग, बॉडी सनबोर्डची (फोमचा हलका बोर्ड), आणि फळीवर जागा फक्त टाटांच्या दणकून खपलेल्या गाड्यांना. त्याही शोरूममधल्या चकचकीत नाहीत, रस्त्यावर वापरात दिसायच्या तशा.

४०७ ट्रक आणि सुमो झाल्या. ४०७मध्ये फार डोकं लावावं लागत नाही. केबिन सोडली तर सगळा सरळ हौदा. १९८६ला ती आली तेव्हा टोयोटा, निस्सान, माझदा, मित्सुबिशी अशी चार जपानी नावं हलक्या ट्रकच्या बाजारात उतरलेली होती, तरी बाजार हिनेच मारला. सुमो मात्र मन लावून केली. १९९४ची गाडी, तीनेक वर्षांत लाखाच्या वर गेलेली. पण माझी सुमो वडापची, म्हणजे सीटवर प्रवासी भरून नेणारी आहे. काळी-पिवळी, टपावर बाइंडिंग तारेचं कॅरिअर, मागच्या दाराला स्टेपनी. धुळीसाठी विटकरी खडू किसून ती भुकटी कोरड्या ब्रशने चाकांच्या कमानीत बसवली आणि वरून मॅट लॅकरचा एक हात दिला. रंग मारून धूळ दाखवायच्या भानगडीत पडू नका, चिखल फासल्यासारखा दिसतो.

आता इंडिका. हिने घाम काढलाय. १९९८च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवली, बुकिंग उघडल्यावर आठवडाभरात १ लाख १५ हजार नोंदण्या. डिझाइनमध्ये तुरिनच्या आयडिया संस्थेचा हात होता, आणि तो हात मॉडेल करणाऱ्याला लगेच कळतो, कारण सरळ रेघ म्हणून कुठे सापडत नाही. सुमोसारखे चार पत्रे कापून जोडले की झालं, असं इथे चालत नाही. बॉनेट दोन्ही दिशांना वळतं. म्हणून ५ मिमी सनबोर्डचे थर एकावर एक चिकटवून ठोकळा केला, कटरने ओबडधोबड आकार काढला आणि मग ८०च्या पॉलिश पेपरपासून ४००पर्यंत घासत आणलं. एक गोष्ट मात्र फार सुखाची: व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४०० मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये बरोब्बर १० सेंमी. लांबी १५३ मिमी पडते.

सध्या लांबी भरून झालीय (ती मापाची लांबी नव्हे, डेंटर खड्डे बुजवायला भरतो ती पुटी). सुकली की राखाडी प्राइमर, त्यात खड्डे दिसतील, परत लांबी. मागचे उभे दिवे पारदर्शक प्लास्टिकचे, आतून लाल नेलपॉलिश. गाडी पांढरीच आणि पाटी पिवळी. पहिल्या गाड्यांच्या तक्रारी निस्तरून २००१ला व्ही टू आली आणि ती डिझेल इंडिका टॅक्सीवाल्यांनी उचलून धरली. तिला मेटॅलिक रंग देणं मला तरी पटत नाही.

‘सिएरा का नाही?’ हे विचारणारे पुष्कळ. कारण ती खपली नाही. १९९१ला तीन दारांची गाडी घेणारे होते किती? तिची ती छतापर्यंत वळलेली मागची काच मी कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या प्लास्टिकची, लाकडी साच्यावर हेअर ड्रायरने वळवून ठेवलीय, हे खरं. पण काच ड्रॉवरमध्ये आणि नियम नियमाच्या जागी. नॅनोलाही तेच उत्तर. करायला ती सगळ्यात सोपी: चाकाला तीनच बोल्ट, वायपर एक, आणि सुरुवातीच्या गाड्यांची डिकी उघडतच नसल्याने नुसती रेघ मारली की काम झालं. पण साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांचा, आणि खप त्याच्या आसपासही गेला नाही.

छोटा हत्ती, म्हणजे २००५ची एस, सांगाड्यापर्यंत आलीय. खऱ्या गाडीला १२ इंची चाकं, त्यामुळे टायर जेमतेम २२-२३ मिमीचे, आणि त्या मापाचे तयार टायर मिळत नाहीत; ओ-रिंगवर प्रयोग चालू आहे. फाळक्यावर ‘आई-वडिलांची कृपा’ लिहायचं ठरलंय, हाताने, स्टिकर नाही.

टाटा पंच सगळ्यात शेवटी. २०२४मध्ये देशात सर्वाधिक खपलेली कार तीच, मारुतीला वर्षानुवर्षांच्या पहिल्या जागेवरून उठवून. ती खाली पार्किंगमध्ये उभीच असते, टेप घेऊन कधीही मापं काढता येतील.

एसचं तसं नाही. पहिल्या मॉडेलच्या पुढच्या ॲक्सलचे आणि स्प्रिंगच्या पाट्यांचे खालून काढलेले फोटो कुणाकडे असतील तर पाठवा. ओळखीच्या गॅरेजमध्ये पिटवर चढलेली असेल तर अजून उत्तम, शेजारी पट्टी धरून काढा.