रिपोर्टमधले क्रिस्टल्स आणि माझा ४ मिलीमीटरचा खडा

पहिल्यांदा युरिन रिपोर्टमध्ये "कॅल्शियम ऑक्झलेट क्रिस्टल्स : प्रेझेंट" असं आलं तेव्हा मी घाबरून डॉक्टरांकडे गेलो, तर ते म्हणाले सॅम्पल किती वेळ पडून होतं? लघवी गार झाली की विरघळलेले क्षार बाटलीतच खाली बसतात, आणि तसंही निरोगी माणसाच्या लघवीत अधूनमधून क्रिस्टल्स सापडतातच. ताजं सॅम्पल देऊन पुन्हा टेस्ट करा म्हणाले. मी सोयीस्करपणे "निरोगी माणसाच्या" एवढंच ऐकलं, टेस्ट काही केली नाही 😅

दीड वर्षाने पहाटे कमरेतून जांघेपर्यंत जी कळ आली, बसवेना, झोपवेना, नुसत्या येरझाऱ्या. सीटीत मूत्रवाहिनीत ४ मिमीचा खडा. एवढा लहान बहुतेक आपोआप पडतो म्हणून पेनकिलर, भरपूर पाणी आणि लघवी गाळायला गाळणी दिली. नवव्या दिवशी गाळणीत तपकिरी, खरखरीत कण दिसला. एवढ्याशा कणाने इतकं रडवलं!

मग युरॉलॉजिस्टना विचारलं की क्रिस्टल्स तर सगळ्यांनाच होतात मग खडा मलाच का. त्यांनी नीट समजावलं. लघवीत कॅल्शियम आणि ऑक्झलेट पाण्याच्या मानाने जास्त झाले की कण तयार होतात, पण किडनीच्या बारीक नळ्यांमधून लघवी काही मिनिटांतच पुढे सरकते, तेवढ्या वेळात सुटा कण फारसा वाढत नाही, निघून जातो. खरी गोची तो कुठेतरी चिकटला की किंवा कणाला कण जोडत गेला की होते. अमेरिकन युरॉलॉजिस्ट अलेक्झांडर रँडल यांनी १९३७ मध्ये दाखवलं होतं की किडनीच्या पॅपिलावर, म्हणजे लघवी जिथून झिरपते त्या टोकावर, कॅल्शियम फॉस्फेटचे चट्टे असतात. वरचं अस्तर फाटलं की ऑक्झलेटला बसायला आयती जागा, मग थरावर थर. लघवीतच असणारं सिट्रेट हे सगळं रोखतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं.

त्यानंतर २४ तासांची लघवी जमवायची टेस्ट. सकाळची पहिली टाकून द्यायची, घड्याळ तिथून सुरू, मग थेंबन् थेंब कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिलीसकट. सुट्टीच्या दिवशीच करा, ऑफिसात कॅन घेऊन फिरायची लाज वेगळीच. आकडा आला ११०० मिली, टार्गेट किमान अडीच लिटरचं. सिट्रेट कमी, सोडियम जास्त, आणि मीठ जास्त गेलं की लघवीत कॅल्शियमही जास्त उतरतं हे मला माहीतच नव्हतं. मी तर तोवर घाबरून कॅल्शियमचं खाणंच बंद केलं होतं, ते उलटं निघालं! जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं, ते कमी केलं की ऑक्झलेट जास्त शोषलं जाऊन लघवीत येतं.

आता मीठ कमी, पोटॅशियम सिट्रेट चालू, रात्री झोपतानाही एक ग्लास पाणी. परवा टेस्ट रिपीट केली, २४०० मिली. आणि हो, रिपोर्टमध्ये क्रिस्टल्स अजूनही "ऑकेजनल" आहेतच.