मसाई मारातला शेवटचा दिवस

गेट सहाला उघडतं म्हणून साडेपाचलाच जीपमध्ये जाऊन बसलो, थंडी एवढी की आफ्रिकेत आलोय असं वाटेचना. बिबट्या काही आजही दिसला नाही, जाऊ दे. पण वाळवीच्या वारुळावर एक चित्तीण बसलेली, ड्रायव्हर हळूच म्हणाला 'दुमा', म्हणजे स्वाहिलीत चित्ता, आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत ओघळलेल्या त्या काळ्या रेघा इतक्या जवळून दिसल्या की मी फोटो काढायचंच विसरले!! मग बॅगांची मारामारी, छोट्या विमानात माणशी १५ किलोच, त्यामुळे जाड जॅकेट अंगावर घालूनच निघाले. एअरस्ट्रिप म्हणजे नुसती मातीची पट्टी, त्यावर झेब्रे निवांत चरतायत, जीप फिरवून त्यांना हाकललं तेव्हा कुठे विमान उतरलं.