किल्ली परत घेतली

सकाळी ८ ला सामान ट्रकमध्ये चढलं आणि संध्याकाळी आम्ही त्याच घरात परत. रिकाम्या. एजंटकडे दिलेली किल्ली मागून आणली.

इंग्लंडमध्ये घर बदलायचं म्हणजे साखळीत उभं राहायचं. आमचं घर घेणारे स्वतःचं विकणार, त्या पैशातून आम्ही पुढचं घेणार, पुढचे त्यांच्या पुढचं. सगळं एकाच दिवशी. आज साखळीतल्या सगळ्यात खालच्या, म्हणजे पहिल्या घराचे कर्जाचे पैसे बँकेतून सुटलेच नाहीत आणि वरचे सगळे अडकले. करारात दुपारी २ ची वेळ होती. मी साडेपाचपर्यंत वकिलांना फोन करत राहिले. त्यांचाही आवाज थकलेला होता.

मार्चमध्ये एकदा साखळी तुटली होती, पण तेव्हा करारांची अदलाबदल, म्हणजे व्यवहार दोघांवर बंधनकारक होणं, व्हायची होती. तोवर कुणीही बिनदंड मागे फिरू शकतो. आपली सर्व्हेची आणि वकिलाची फी बुडते. आता १० टक्के डिपॉझिट भरलंय, व्यवहार पूर्ण करा अशी नोटीस दिली की समोरच्याला १० कामाचे दिवस मिळतात. म्हणजे व्यवहार बहुतेक होईल. पण घर बदलायला शुक्रवार घेऊ नका हो. बँका बंद, दोन दिवस नुसती वाट पाहायची.

देव मी ट्रकमध्ये दिले नव्हते, आईने बजावलं होतं. ते मांडीवरच होते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुन्हा मांडले, निरांजन लावलं. शेजारच्या काकूंनी दोन रजया आणि गरम सूप आणून दिलं. मुलं रिकाम्या हॉलमध्ये प्रतिध्वनी काढत बसलीत.