पदकाआधीचे तांबडे ‘का?’

गणिताच्या पदवी परीक्षेत महाविद्यालयात पहिली आल्याबद्दल मिळालेले पदक घेऊन मी गावी गेले, तेव्हा आजोबांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘रँग्लर’. आमच्या दापोली तालुक्यात हा शब्द घरोघरी माहीत आहे, कारण येथल्याच मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस या पदवी परीक्षेत सीनिअर रँग्लर झाले आणि हा मान मिळवणारे पहिले भारतीय ठरले. त्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्या सर्वांनाच रँग्लर म्हणत, आणि त्यांच्यातला पहिला तो सीनिअर रँग्लर. अशी क्रमवार यादी १९०९ सालानंतर बंद झाली. परांजप्यांचा तो पहिला क्रमांक जॉर्ज बर्टविसल यांच्याबरोबर विभागून होता, हे आपल्याकडे सहसा कोणी सांगत नाही. मला ते सांगावेसे वाटते, कारण त्याने त्यांच्या यशाला तसूभरही उणेपणा येत नाही.

माझी सुरुवात मात्र अंतर्गत परीक्षेत वीसपैकी सात गुणांनी झाली. उत्तरपत्रिका इंग्रजीत होती, तरी सरांनी समासात तांबड्या शाईने मराठीत एकच शब्द अकरा ठिकाणी लिहिला होता: ‘का?’ अभिसारी क्रमिका, म्हणजे जिची पदे पुढे पुढे एका ठरावीक संख्येच्या (तिला सीमा म्हणतात) हवी तितकी जवळ जातात अशी संख्यांची रांग, सीमित असते, म्हणजे तिचे एकही पद एका ठरावीक मर्यादेबाहेर जात नाही, असे मी एका ओळीत लिहून मोकळी झाले होते, आणि त्या ओळीपुढेही तोच प्रश्न होता. त्या रात्री वसतिगृहात बसून मी तो सोडवला. एका ठरावीक पदानंतरची सगळी पदे सीमेपासून एकाहून कमी अंतरावर असतात, आणि त्याआधीची पदे मोजकीच असल्यामुळे अधिक-उणे चिन्ह सोडून त्यांच्यातले सर्वांत मोठे निवडता येते. म्हणून संपूर्ण क्रमिकेला बंधन घालणारी संख्या सापडते. हे पाठ केलेले नव्हते, माझे मला उमगले होते, आणि तो आनंद पदकाच्या आनंदाहून मोठा होता असे मी आजही मनापासून म्हणेन. पुढची तीन वर्षे प्रत्येक सिद्धता लिहिताना तो प्रश्न मी स्वतःच समासात पेन्सिलीने लिहीत गेले.

परांजपे केंब्रिजहून परतले ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायला, आणि पुढे तेथेच प्राचार्य झाले. आजोबा हे सांगत असताना मी ती जुनी उत्तरपत्रिका काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, पदक बाजूला ठेवले आणि एकेका ‘का?’वर बोट ठेवत ते मला त्यांची उत्तरे विचारू लागले.