पानावर उमटलेली सावली

गेल्या पानगळीत मेपलचं एक पान उचललं आणि कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून तिथेच उकिडवा बसलो. पान लालभडक, पण त्यावर पिवळा डाग, कडा अगदी रेखीव. आकार दुसऱ्या पानाच्या टोकाचा. वरचं पान जिथे टेकलं होतं, तेवढा भाग लाल झालाच नव्हता.

पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा. हरितद्रव्य ओसरलं की तो उघडा पडतो, इतकंच. लाल मात्र झाड नव्याने घडवतं. अँथोसायनिन या लाल रंगद्रव्याला साखर लागते आणि ऊन लागतं. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा, पण दहिवर गोठवणारी थंडी नाही, असे दिवस मिळाले की लाल खुलतो.

तेव्हापासून मी आधी झाडाला एक फेरी मारतो. ऊन खाणारी बाजू जास्त लाल असते. फोटो मात्र बहुतेक वेळा सावलीच्या बाजूने घेतो, झाड माझ्या आणि सूर्याच्या मधे ठेवून. समोरून पडलेलं ऊन पानावर नुसतं चकाकतं. मागून आलेलं ऊन पानातून गाळून येतं, शीर न् शीर उठून दिसते. या दिवसांत सूर्य भरदुपारीही फारसा वर चढत नाही, त्यामुळे असा तिरपा उजेड उन्हाळ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ मिळतो.

दोन गोष्टींनी माझे खूप फोटो वाया घालवले. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची रंगछटा आपोआप सुधारणारी कॅमेऱ्याची सोय, संध्याकाळचं सोनं पुसून टाकतो. आता मी तो 5500 केल्व्हिनच्या (भर दिवसाच्या उजेडाच्या) आसपास स्वतःच ठरवतो. दुसरी गोष्ट लाल चॅनलची, म्हणजे फोटोतल्या फक्त लाल रंगाच्या नोंदीची. एकत्र हिस्टोग्राम (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) ठीक दिसतो, पण लाल एकटाच उजवीकडे आपटलेला असतो आणि पानांच्या जागी शिरा नसलेले सपाट ठिपके उरतात. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम वेगवेगळा बघावा, गरज पडली तर एक्स्पोजर थोडं उतरवावं.

आणि पोलरायझर, म्हणजे झळाळी कापणारा फिरता फिल्टर, ढगाळ दिवशीही लावाच! दीड-दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), पण ओल्या पानांवरची पांढरट झळाळी गेली की खालचा रंग कसा वर येतो, ते रिंग फिरवताना बघतच राहावं.

ते डागवालं पान शेवटी देठाला धरून सूर्यासमोर उचललं आणि लेन्स जवळ नेली. लाल भाग निखाऱ्यासारखा गडद दिसत होता. जिथे सावली होती, तिथूनच सगळ्यात जास्त उजेड येत होता.